दहावी नाही, पण फॅशनमध्ये जायचंय

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आवाजावरून सतरा-अठराचा असेल. म्हणाला, "दादा, माझी दहावी झालेली नाही. मला फॅशनमध्ये करिअर करायचंय. घरी सांगितलं तर सगळे हसतात. काही होऊ शकतं का?" एवढंच.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न २०२२ मध्ये मला माझ्या घरात विचारला गेला होता, मी तेव्हा फटकन उत्तर दिलं होतं, आणि ते चुकलं होतं. त्याचा फटका मला नाही बसला, जिला उत्तर दिलं तिला बसला.

ती माझी मामेबहीण, सोलापूरची. हा भाग करायच्या आधी मी तिला विचारलं, तुझं सांगितलं तर चालेल का? ती म्हणाली, "सांग की. फक्त नाव घेऊ नको. आणि पैशाचं खरं खरं सांग, रीलसारखं नको." तर तसंच सांगतो.

तिची शाळा कशी सुटली ते आधी. लॉकडाऊनमध्ये ती नववीत होती. घरात फोन एक, शिकणारी मुलं तीन. फोन धाकट्यांकडे जायचा, कारण "ती समजूतदार आहे". त्या वर्षी नववीच्या सगळ्यांनाच परीक्षा न घेता वर ढकललं, म्हणून ती कागदावर दहावीत गेली. पण वर्षभराचं गणित डोक्यात काहीच नव्हतं. दहावी सुरू झाली आणि ती गेलीच नाही. भांडण नाही, रडारड नाही. शाळा अशीच सुटते बऱ्याच जणांची, कुणी निर्णय घेत नाही आणि एक दिवस कळतं की सुटली.

मामा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याने मला फोन केला. खानदानात बीटेक झालेला मी एकटा, म्हणून शिक्षणाचा कुठलाही प्रश्न माझ्याकडे येतो, मग तो नर्सिंगचा असो की पोलीस भरतीचा. "तिला फॅशन डिझायनर व्हायचंय म्हणते. बघ जरा तू." मी बघितलं. म्हणजे काय केलं, तर गुगल केलं.

पहिलं नाव आलं निफ्टचं. १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली सरकारी संस्था, आपल्याकडचा कॅम्पस खारघरला. डिझाइनच्या पदवीसाठी बारावी पाहिजे, शिवाय प्रवेश परीक्षा. म्हणजे तो दरवाजा बंद. मग खाली जाहिराती. "शिक्षणाची अट नाही. एका वर्षात फॅशन डिझायनिंगमध्ये डिप्लोमा. शंभर टक्के प्लेसमेंट." पुण्यातच, आमच्या घरापासून बसने अर्धा तास. फी पंचेचाळीस हजार. वीस मी घातले, पंचवीस मामाने उसने आणले. ती आमच्याकडे राहायला आली.

संस्थेचं नाव सांगत नाही. आता सांगून उपयोगही नाही. पण तिथे काय शिकवलं ते ऐका. रंगांचं चक्र. मूड बोर्ड. फॅशनच्या चित्रातली ती उंच बाई कशी काढायची, डोक्याच्या नऊपट उंचीची. हे सगळं चुकीचं आहे असं नाही, निफ्टमध्येही शिकवतात. पण इथे सगळ्या नोट्स इंग्रजीत, आणि चाळीस मुलींमागे शिलाई मशीन सहा, त्यातली चालू चार. आठ महिन्यांत तिने सुंदर चित्रं काढली. माझ्या आईने एक दिवस सहज तिला ब्लाऊजची उसवलेली बाही जोडायला दिली, तर तिला ती बसवता येईना. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मला हे आईने बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

तो कोर्स तिने सोडला. फी परत मिळाली नाही. पुढे मला कळलं की त्या डिप्लोम्याला कुठल्याच बोर्डाची मान्यता नव्हती, कागद त्यांचा, शिक्का त्यांचाच. मी कंपनीत एखादी फुकटची लायब्ररी वापरायच्या आधीसुद्धा चार गोष्टी तपासतो. ती कोण सांभाळतं, शेवटचं अपडेट कधी, किती जण वापरतात. बहिणीचं एक वर्ष घालताना मी फक्त वेबसाइट बघितली. वेबसाइट चांगली होती.

आणि याच काळात, आठवी पासवर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, सुइंग टेक्नॉलॉजी नावाचा, हे मला माहीत नव्हतं. सरकारी आयटीआयची फी या खासगी दुकानांपुढे काहीच नाही आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. फॅशन डिझाइनच्या ट्रेडला मात्र दहावी लागते. तेव्हा तुम्ही कुणी या वाटेवर असाल तर आधी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा. आणि कुठल्याही खासगी क्लासला पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागा. प्रमाणपत्र नेमकं कोणत्या मंडळाचं, ते लेखी. आणि मागच्या बॅचने शिवलेला एखादा कपडा. तो उलटा करून बघा. आतली शिलाई बघा. देत नसतील तर उठा.

तर ती सोलापूरला परत गेली, आणि गल्लीतल्या एका लेडीज टेलर काकूंकडे बसायला लागली. "बसायला" हाच शब्द आहे. कामाला नाही, बसायला. पहिले तीन महिने पगार शून्य. काम काय, तर हुक लावणं, हातशिलाई, फॉल लावणं, आणि उसवणं.

या उसवण्याबद्दल जरा बोलतो. काकूंची पद्धत अशी की जुनं, चांगल्या फिटिंगचं ब्लाऊज द्यायच्या आणि म्हणायच्या, सगळं उसव, पण धागा ओढू नको, एकेक टाका काप. मग ते सुटे तुकडे खाकी पेपरवर ठेवून पेन्सिलने फिरवायचे. पाठ, पुढचा भाग, कटोरी, पट्टी, बाही. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा हे बघितलं आणि मला हसूच आलं, कारण मी पहिल्या नोकरीत अगदी हेच केलं होतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड उघडायचा, सुटा करायचा, काय कशाला जोडलंय ते बघायचं. कॉलेजच्या चार वर्षांपेक्षा त्या सहा महिन्यांत मी जास्त शिकलो. पण मला त्याचा पगार मिळत होता. तिला नव्हता. हा फरक छोटा नाही.

तीन महिन्यांनी तीन हजार रुपये महिना. पुढे नगावर. साधं अस्तरचं ब्लाऊज शिवलं की गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पैशातले निम्मे तिला.

आणि मग ती पैठणीची भानगड झाली. एका बाईंचं लग्नाचं ब्लाऊज होतं, पैठणीचंच ब्लाऊज पीस, बाहीला साडीसारखा काठ. काकू गावाला गेलेल्या. हिने हौसेने कापलं. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगतो, बाहीचा पुढचा आणि मागचा गोलावा वेगळा असतो, म्हणून एक डावी आणि एक उजवी कापावी लागते. त्या कापडाला सुलटी बाजू एकच होती, त्यामुळे पलटून वापरता येत नव्हतं. आणि कापड संपलेलं. तसलं कापड बाजारात मिळत नाही.

काकू परत आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, तूच सांग त्यांना." गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून तिने स्वतः सांगितलं. त्या बाई खूप बोलल्या. मग काकूंनी मार्ग काढला. साडी नेसताना जे टोक आत खोचलं जातं, कधी दिसत नाही, तिथला वीतभर काठ काढला आणि बाही जोडली. ब्लाऊज झालं. त्या महिन्याचे पैसे हिने घेतले नाहीत. त्या दिवसापासून ती कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूने डा आणि उ लिहिते. अजूनही लिहिते, आता गरज नाही तरी.

आता जरा रीलवाल्या कथांकडे येतो, कारण त्या मुलाने व्हॉइस नोटच्या शेवटी अलेक्झांडर मॅक्वीनचं नाव घेतलं होतं. "तो पण शाळा सोडलेला होता ना?" हो, होता. लंडनच्या टॅक्सीचालकाचा मुलगा. १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडली, हातात चित्रकला या एका विषयातलं पास. पुढे १९९६ मध्ये जिव्हॉन्शीसारख्या पॅरिसच्या मोठ्या घराण्याचा मुख्य डिझायनर झाला. रीलमध्ये एवढंच असतं, शाळा सोडली आणि मग पॅरिस. मधली अकरा वर्षं कापून टाकलेली असतात. त्या वर्षांत काय होतं? शाळा सोडल्यावर तो सॅव्हिल रो या लंडनच्या शिंप्यांच्या गल्लीत अँडरसन अँड शेपर्ड नावाच्या दुकानात शिकाऊ म्हणून बसला. पुरुषांचे कोट. मग त्याच गल्लीत दुसरं दुकान, मग नाटकांचे पोशाख बनवणाऱ्यांकडे काम. नंतर तो सेंट्रल सेंट मार्टिन्स या नावाजलेल्या कॉलेजात गेला तो प्रवेश मागायला नाही, पॅटर्न कटिंग शिकवायची नोकरी मागायला. त्यांनी त्याला पदवी नसताना थेट एमएला घेतलं, कारण त्याचं काम बघितलं. म्हणजे तोही आधी बसलाच होता, काकूंकडे.

आपल्याकडे मनीष मल्होत्राचं उदाहरण देतात. त्यांनी फॅशनचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नाही हे खरं, आणि १९९५ च्या रंगीलामधल्या कपड्यांनी त्यांना फिल्मफेअर मिळालं हेही खरं. पण ते कॉलेजला गेलेले आहेत, मुंबईत वाढलेले आहेत. फॅशनची पदवी नसणं आणि दहावीच नसणं यात अंतर आहे. हे अंतर लपवून कुणी प्रेरणा देत असेल तर जरा जपून.

बहिणीकडे परत येतो. अठरा पूर्ण झाल्यावर ती सोलापुरातल्या एका गणवेशाच्या कारखान्यात लागली. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण तिथे शाळांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे हे कमी जणांना ठाऊक असतं. ती पाच महिने खिसे शिवत होती. फक्त खिसे. कॉलर दुसरीकडे, कफ तिसरीकडे, काजबटण चौथीकडे. पैसे नगावर, आणि खरं सांगायचं तर टेलरकाकूंपेक्षा जास्त. मशीनवरचा हात तिथे असा बसला की टीप डोळे मिटून सरळ जाते. पण पूर्ण शर्ट कसा होतो हे तिथे कळत नाही. तिथे दहा वर्षं खिसे शिवणाऱ्या बायका आहेत. तिला ते दिसलं म्हणून ती बाहेर पडली. बाहेर पडणं तिला परवडलं, कारण घरात मामाचा पगार होता. सगळ्यांना परवडत नाही.

त्याच वर्षी तिने पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली योजना, अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात शिंपी आहे. शिक्षणाची अट नाही. वय अठरा पूर्ण, स्वतःचा धंदा, आणि एका कुटुंबातून एकालाच. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि हवं असेल तर पहिल्या टप्प्यात एक लाखाचं कर्ज ५ टक्क्यांनी. तिने कर्ज घेतलं नाही, मामाचं जुनं उसनं अजून फिटायचं होतं. तुमच्या भागात अर्ज चालू आहेत का हे सीएससी केंद्रात विचारा, आणि अर्ज भरून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

आता ती घरून काम करते. आरी वर्कची ब्लाऊज, नवरीची. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, आणि हुकासारख्या टोकाच्या सुईने मोती, कटदाणा, जरदोसी भरायचं. गेल्या काही वर्षांत गावोगाव लग्नात याची मागणी आहे. तिचं पहिलं आरी ब्लाऊज तिने पंधराशेला दिलं. मला आनंदाने फोन केला. मी इंजिनिअर माणूस, विचारलं तास किती लागले? सव्वीस. सामान? सहाशेचं. म्हणजे उरले नऊशे. भागिले सव्वीस. तासाला पस्तीस रुपयेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, थांब, तुला एक शीट बनवून देतो. ती म्हणाली, "दादा, माझ्या वहीत मागच्या पानावर आहे ते. मला माहितीये. पहिलं होतं म्हणून दिलं. पुढचं अडीच हजार."

मला ती वही बघायची होती. दिवाळीत बघितली. त्यात मापं आहेत, छाती भागिले चार, अधिक सैलपणा, अधिक माया. माया म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड. ज्या मुलीने गणिताच्या भीतीने शाळा सोडली तिच्या वहीत पानापानावर अपूर्णांक आहेत. मी माझा जुना लॅपटॉप तिला दिला आणि त्यावर सीमली टूडी नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात कपड्याचा पॅटर्न सूत्रांनी काढतात, छातीचं माप बदललं की अख्खा पॅटर्न आपोआप बदलतो. मला वाटलं महिना लागेल शिकायला. मेनू इंग्रजीत म्हणून ती आधी अडली, मग तिने प्रत्येक बटणाचा फोटो काढून त्यावर मराठीत लिहून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने मला सांगितलं की माझ्या उदाहरणातलं मुंढ्याचं सूत्र चुकीचंय. चुकीचंच होतं.

पण सगळं छान चाललंय असं नाही. पाठ दुखते. रात्री बारीक मोती भरून डोळ्यांतून पाणी येतं. लगीनसराई संपली की दोन महिने फारसं काम नसतं. ओळखीच्या बायका "नंतर देते गं" म्हणून पैसे देत नाहीत, आणि ओळखीच्या असल्यामुळे मागता येत नाहीत. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका बुटिकने तिचं काम इन्स्टाग्रामवर बघून बोलावलं. कारागीर म्हणून घेतो म्हणाले. सुपरवायझरची जागा होती, त्याला बारावी पाहिजे. तिच्यासमोर जी मुलगी सुपरवायझर झाली तिला आरीची सुई धरता येत नव्हती. ती कुणाला दोष देत नाही. मी देतो. तरी पुढच्या वेळी पुन्हा कुणीतरी हेच विचारणार आहे, हे दोघांनाही कळतंय.

म्हणून तिने यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, बाहेरून दहावीला बसायचा. ज्यांना एकदम सगळे विषय झेपणार नाहीत त्यांच्यासाठी एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालय आहे. तिथे विषय सुटे सुटे देता येतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. निफ्टच्या पदवीला वयाची अट चोवीसच्या आतली आहे. ती वीस वर्षांची. दहावी, मग बारावी, हिशोब जमतो, अगदी काठावर. ती म्हणते बघू. आधी मार्चचा सीझन जाऊ दे. परीक्षाही मार्चमध्येच असते, यावरून आमचं रोज भांडण चालू आहे.

तर त्या मुलाला मी शेवटी उत्तर पाठवलं. होऊ शकतं, पण डिझायनर या शब्दापासून सुरुवात करू नको. तुझ्या गावात चांगला शर्ट-पँट शिवणारा जुना मास्टर शोध आणि बसू देतात का विचार. किती महिने फुकट, त्यानंतर किती, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोल. जे शिवशील त्याचे फोटो काढ, सुलट्या बाजूचे आणि उलट्या बाजूचेही. तुझ्याकडे सर्टिफिकेट नाही, तेव्हा लोक आतली शिलाईच बघणार. आणि सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख चुकवू नको. मास्टर सापडेपर्यंत वडिलांचा एखादा जुना शर्ट घे, विचारून घे, आणि उसव.

चार दिवसांनी त्याचा फोटो आला. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर एक निळा शर्ट, सगळे भाग सुटे करून मांडलेले. एका बाहीवर पेनाने "डा" लिहिलंय. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. खाली मेसेज, "दादा, कॉलरच्या आत हे कडक पांढरं कापड काय आहे? शिवलेलं पण नाही, चिकटवल्यासारखं वाटतंय."

मला माहीत नव्हतं. बहिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बकरम. इस्त्रीने चिकटवतात. त्याला म्हणावं फेकू नको, त्यावरून कॉलरचं माप काढ."